बेरीज जुळली पाहिजे : सर रिचर्ड स्टोन

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची भव्य इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १९३६ सालच्या जानेवारीत मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी नागपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले आणि १९४० साली ते या इमारतीत आले. त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश होते सर गिल्बर्ट स्टोन. वकिलांच्या वर्तुळात हे नाव अजूनही अधूनमधून निघत असेल. अर्थशास्त्राच्या वर्गात मात्र ते कोणी घेत नाही. ते घ्यावे असे मला वाटते. कारण या न्यायमूर्तींच्या एकुलत्या एका मुलाने वडिलांचा व्यवसाय नाकारला, आयुष्यभर देशांचे आणि कुटुंबांचे हिशेब मांडले, आणि १९८४ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मुलाचे नाव जॉन रिचर्ड निकोलस स्टोन.

या माणसाशी माझी ओळख झाली ती फजितीतून. आमच्या गटाने प्रकल्पासाठी गल्लीतील कुटुंबांच्या महिन्याच्या खर्चाची माहिती गोळा केली होती. धान्य, तेल, दूध, कपडे, औषधपाणी अशा एकेका बाबीवर उत्पन्नाचा काय परिणाम होतो हे काढायचे होते. संगणकावर आम्ही चार-पाच प्रकारची समीकरणे बसवून पाहिली आणि प्रत्येक बाबीसाठी जे समीकरण आकड्यांना सर्वांत जवळून लागू पडले ते निवडले. काम झाले, असे आम्हांला वाटले. सरांनी प्रबंध चाळला आणि एकच गोष्ट करायला सांगितली. उत्पन्न बरेच वाढलेल्या एखाद्या कुटुंबाचा प्रत्येक बाबीवरील अंदाज काढा आणि सगळ्या अंदाजांची बेरीज करा. आम्ही ती केली. खर्चाची बेरीज त्या कुटुंबाच्या एकूण खर्चापेक्षा कितीतरी जास्त निघाली! जे पैसे घरात आलेच नाहीत ते आमच्या समीकरणांनी खर्च करून टाकले होते. त्या दिवशी सरांनी स्टोन यांचे नाव सांगितले.

स्टोन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९१३ रोजी लंडन येथे झाला. शिक्षण वेस्टमिन्स्टर शाळेत. मुलाने आपल्यासारखेच कायद्यात जावे ही वडिलांची इच्छा होती. १९३० साली गिल्बर्ट स्टोन यांची मद्रास उच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली, तेव्हा सतरा वर्षांचा रिचर्डही त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात आला आणि सुमारे वर्षभर पूर्वेकडे राहिला. परत गेल्यावर १९३१ साली त्याने केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात कायद्यासाठीच नाव घातले.

दोन वर्षे कायदा शिकल्यावर त्याने विषय बदलला. हा काळ जागतिक मंदीचा होता. कारखाने बंद, लाखो हात रिकामे, आणि असे का होते हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. अर्थव्यवस्थेचे कामकाज माणसांना अधिक चांगले समजले तर जग अधिक सुखी होईल, अशी त्या तरुणाची श्रद्धा होती. वडिलांना वाईट वाटले, पण मुलगा फिरला नाही. १९३५ साली तो पदवीधर झाला आणि पुढच्याच जानेवारीत वडील नागपूरला मुख्य न्यायाधीश झाले.

केंब्रिजमध्ये त्या वेळी सिद्धांताचे वारे जोरात वाहत होते. केन्स यांचा महाग्रंथ आकार घेत होता. स्टोन यांच्यावर खरा ठसा उमटला तो मात्र कॉलिन क्लार्क यांचा. क्लार्क संख्याशास्त्र शिकवीत आणि ब्रिटनचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या मागे लागलेले असत. मोजल्याशिवाय बोलू नये, हा त्यांचा बाणा शिष्याने पुरेपूर उचलला. पदवीनंतर स्टोन यांनी लंडनमध्ये विम्याच्या एका पेढीत नोकरी धरली. १९३६ साली त्यांचा विवाह विनिफ्रेड जेंकिन्स यांच्याशी झाला. त्याही केंब्रिजच्याच अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनी. क्लार्क ऑस्ट्रेलियाला निघून गेले तेव्हा त्यांनी चालविलेले आर्थिक आकडेवारीचे एक मासिक सदर या जोडप्याकडे आले. दिवसा विम्याचे काम आणि रात्री आकडेमोड, असा तो संसार होता. सीमान्त उपभोग प्रवृत्ती आणि गुणक यांवर दोघांनी मिळून लिहिलेला लेख १९३८ साली प्रसिद्ध झाला. उत्पन्न वाढले की माणूस त्यातले किती खर्च करतो, हा त्या लेखाचा प्रश्न. पुढे आयुष्यभर स्टोन याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. विवाह मात्र १९४० साली संपुष्टात आला.

महायुद्ध सुरू झाले आणि विम्याची पेढी सुटली. आधी आर्थिक युद्धखात्यात जहाजे आणि तेल यांची आकडेवारी, मग १९४० च्या उन्हाळ्यात युद्धमंत्रिमंडळाच्या कार्यालयात जेम्स मीड यांच्या हाताशी काम. युद्धाला पैसा किती लागेल आणि तो कोठून निघेल हे ठरवायचे, तर देशाचे एकूण उत्पन्न व खर्च किती हे आधी कळायला हवे. हाताने दांडा फिरवायचे गणनयंत्र हे त्या दोघांचे मुख्य हत्यार. मीड वयाने आणि पदाने मोठे. पण थोड्याच दिवसांत दांडा फिरविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि आकडे सांगण्याचे स्टोन यांच्याकडे, असे सांगतात. एप्रिल १९४१ मध्ये अंदाजपत्रकाबरोबर जी श्वेतपत्रिका निघाली तिच्यात या दोघांचे तक्ते होते. केन्स पाठीशी होतेच.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली येथे आहे. राष्ट्रीय उत्पन्न आपण तीन मार्गांनी मोजतो हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते : उत्पादन, उत्पन्न आणि खर्च. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची मिळकत, म्हणून तिन्ही बेरजा एकच यायला हव्यात. प्रत्यक्षात त्या कधीच येत नाहीत. निरनिराळ्या कचेऱ्यांतून निरनिराळ्या प्रतीची माहिती येते. मग काय करायचे? एखादा कारकून कोठेतरी इतर असा रकाना घालून तफावत झाकून टाकील. स्टोन, मीड आणि चॅम्परनाउन यांनी १९४२ साली त्यावर एक रीत मांडली. प्रत्येक आकडा किती भरवशाचा आहे हे आधी उघड सांगायचे, आणि तफावत वाटून देताना जो आकडा कमी भरवशाचा त्याच्यावर दुरुस्तीचा भार जास्त टाकायचा. बेरीज जुळली पाहिजे आणि ती कशी जुळवली हेही दिसले पाहिजे. या दोन अटी स्टोन यांनी पुढे कधी सोडल्या नाहीत. एक व्यापाऱ्याच्या खतावणीतली आहे, दुसरी न्यायालयातली. वडिलांचा व्यवसाय सोडला तरी त्यातले काहीतरी बरोबर आले असावे.

युद्धानंतर राष्ट्रसंघाच्या एका समितीसाठी त्यांनी राष्ट्रीय हिशेबाचा जो आराखडा लिहिला तो १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने प्रसिद्ध केला, आणि देशोदेशींच्या हिशेबांचा पाया त्यावर घातला गेला. आपलाही त्यात संबंध आहे. १९४९ साली भारत सरकारने प्रा. महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे सदस्य होते. या समितीच्या परदेशी सल्लागारांत सायमन कुझनेट्स यांच्याबरोबर स्टोन यांचे नाव आहे.

नोबेल मिळाले ते याच कामासाठी. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी, ज्यासाठी त्यांना पारितोषिक मिळाले नाही आणि ज्यामुळे आमचा प्रकल्प परत आला.

१९४५ साली केंब्रिजमध्ये उपयोजित अर्थशास्त्र विभाग सुरू झाला आणि स्टोन त्याचे पहिले संचालक झाले. अर्थशास्त्राचे सांख्यिकी मोजमाप याविषयी केन्स यांना शंका होत्या. टिनबर्गेन यांच्या कामावर त्यांनी १९३९ मध्ये कडक टीका केली होती. तरीही या विभागाच्या मागे ते उभे राहिले, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण. विभागाचा दहा वर्षांचा काळ म्हणजे एक सुगीच होती. कॉक्रन आणि ऑर्कट, डर्बिन आणि वॉटसन, प्रेस आणि हाउथाकर, अमेरिकेहून आलेले टोबिन. आज ज्यांच्या नावांनी संख्याशास्त्राच्या परीक्षेत आपल्याला घाम फुटतो ती निम्मी मंडळी तेथे ये-जा करीत होती. डर्बिन-वॉटसन कसोटी आपण पाठ करतो. पण ती जन्मली त्या वातावरणात मागणीच्या अशाच समीकरणांचा खल चालला होता, हे आपल्याला कोणी सांगत नाही. एका वर्षाच्या अंदाजातली चूक पुढच्या वर्षाच्या चुकीशी जोडलेली असेल तर आपण स्वतःला उगीच अचूक समजतो. ही कसोटी ते लबाडपण पकडते.

मागणी मोजण्याचा प्रश्न तसा जुना. जर्मनीच्या एंगल यांनी १८५७ सालीच दाखविले होते की उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा हिस्सा घटत जातो. अमेरिकेत हेन्री शुल्झ यांनी मागणीच्या मोजमापावर १९३८ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि सरकारला उत्तरे हवी असतात ती रोजच्या व्यवहारातली. रेशनिंग उठविले तर लोणी किती लागेल? तंबाखूवरचा कर वाढविला तर विक्री किती पडेल? अमुक इतके उत्पन्न वाढले तर कोणत्या कारखान्याला किती काम मिळेल? यासाठी मागणीचे समीकरण हवे. पण ते कोणत्या आकाराचे?

सर्वांत सोयीचा आकार दुहेरी लॉगचा. मागणी, उत्पन्न आणि किंमत या सर्वांचे लॉग घ्या, सरळ रेषा बसवा. जो गुणांक येईल तीच लवचिकता. सोपे, सुटसुटीत आणि आकड्यांना बहुधा छान लागू पडणारे. आमच्या गटाने तेच केले होते. आता गंमत पाहा. समजा, एक कुटुंब महिन्याला १००० रुपये खर्च करते. ६०० धान्यावर आणि ४०० इतर गोष्टींवर. धान्याची उत्पन्न लवचिकता ०.५ धरा आणि इतर वस्तूंची १.७५. या ठिकाणी हिशेब बरोबर जुळतो. आता कुटुंबाचा एकूण खर्च चौपट, म्हणजे ४००० झाला. दुहेरी लॉगचे सूत्र सांगते की धान्यावर १२०० आणि इतर गोष्टींवर सुमारे ४५२५ रुपये खर्च होतील. एकूण ५७२५! पुढच्या पिढीच्या गरजा सांगायला हे सूत्र वापरले तर एखादा मंत्री नसलेल्या पैशाच्या भरवशावर कारखाने काढील.

दुसरी अडचण किंमतींची. सहा वस्तू घेतल्या तर प्रत्येकीची मागणी सहाही किंमतींवर अवलंबून असते. म्हणजे किंमतींचे ३६ गुणांक आणि उत्पन्नाचे ६, एकूण ४२. माहिती किती? ब्रिटनच्या दोन महायुद्धांमधल्या वर्षांची, १९२० ते १९३८. म्हणजे प्रत्येक वस्तूसाठी अवघे १९ आकडे. शिवाय त्या काळात उत्पन्न आणि किंमती एकमेकांचा हात धरून वरखाली होत होत्या. कोणामुळे काय झाले हे ओळखणे कठीण.

१९५४ साली स्टोन यांनी या प्रश्नाला एक नव्हे, दोन उत्तरे दिली, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट आहे. पहिले उत्तर म्हणजे ब्रिटनमधील ग्राहकांच्या खर्चाविषयीचा जाडजूड ग्रंथ. डी. ए. रो आणि इतर सहकाऱ्यांच्या मदतीने झालेल्या या ग्रंथात खाण्यापिण्याच्या एकेका जिनसेचा स्वतंत्र विचार आहे, आणि समीकरणे आहेत ती लॉगचीच! फक्त ती हाताळण्यात खबरदारी आहे. उत्पन्न लवचिकता त्यांनी वर्षावर्षांच्या मालिकेतून न काढता युद्धापूर्वीच्या कौटुंबिक जमाखर्चाच्या पाहण्यांतून काढली, आणि मालिकेकडून फक्त किंमतींचा परिणाम विचारला. वर्षांच्या आकड्यांऐवजी सलग दोन वर्षांतील फरक घेतले, म्हणजे चुकांची साखळी तुटावी.

दुसरे उत्तर त्याच वर्षी इकॉनॉमिक जर्नलमध्ये आलेल्या लेखात आहे. माहिती तीच १९२० ते १९३८ ची, पण वस्तू एकेक न घेता सहा मोठे गट केलेले : मांस-मासे-दूधदुभते व स्निग्ध पदार्थ; फळे व भाज्या; मद्य व तंबाखू; घर चालविण्याचा खर्च; टिकाऊ वस्तू; आणि बाकीचे सर्व. समीकरण मात्र अगदी निराळे. याला रेषीय खर्च पद्धती म्हणतात. तिच्या मागचा तुष्टिगुणाचा सिद्धांत क्लाइन व रुबिन, सॅम्युएल्सन आणि गिअरी यांनी काही वर्षांपूर्वी मांडला होता. प्रत्यक्ष देशाच्या आकड्यांवर ती चालवून दाखविली स्टोन यांनी.

तिची कल्पना कोणत्याही गृहिणीला समजावी अशी आहे. महिन्याच्या एक तारखेला आई किराणा भरते तेव्हा काही गोष्टी ठरलेल्याच असतात : इतके धान्य, इतके तेल, इतका चहा. भाव काहीही असो, ते आणायचेच. हा बांधील खर्च. तो बाजूला काढल्यावर जे उरते ते निरनिराळ्या गोष्टींत ठराविक प्रमाणात वाटले जाते. रुपयातले इतके पैसे यावर, इतके त्यावर. सगळी प्रमाणे मिळून बरोबर एक रुपया. बेरीज जुळण्याची अट येथे समीकरणाच्या हाडांतच आहे. सर्व किंमती आणि उत्पन्न दुप्पट झाले तर खरेदी बदलत नाही, हेही आपोआप येते. आणि ४२ गुणांकांच्या जागी लागतात ते किती? सहा बांधील परिमाणे, आणि सहा प्रमाणे, ज्यांतले शेवटचे बेरजेवरून कळते. म्हणजे ११.

हे ११ आकडेही सरळ निघत नाहीत, कारण प्रमाणे आणि बांधील परिमाणे यांचा गुणाकार समीकरणात आहे. स्टोन यांनी आधी प्रमाणांचा अंदाज धरला, त्यावरून बांधील परिमाणे काढली, त्यांवरून प्रमाणे पुन्हा काढली, आणि असे हेलपाटे उत्तर हलायचे थांबेपर्यंत घातले. आज आपल्याकडे संगणक हे काम डोळ्याची पापणी लवण्याआधी करतो, म्हणून आपण ते न समजता करतो.

मघाच्या कुटुंबाकडे परत जाऊ. धान्याचा बांधील खर्च ४५०, इतर ५०. उरलेल्या ५०० पैकी रुपयाला ३० पैसे धान्यावर आणि ७० पैसे इतर गोष्टींवर. धान्यावर ६००, इतरांवर ४००, पहिल्यासारखेच. आता ४००० च्या खर्चाला सूत्र लावा. धान्यावर १५००, इतर गोष्टींवर २५००. बेरीज चोख ४०००. पण जरा त्या १५०० कडे बघा. चौपट श्रीमंत झालेले घर अडीचपट धान्य घेईल? आणि आणखी श्रीमंत झाले तरी दर वाढीव रुपयातले ३० पैसे धान्यावरच घालत राहील? लॉगच्या चुकीच्या प्रतिमानाने दिलेले १२०० उलट अधिक पटण्यासारखे होते. म्हणजे एकात प्रत्येक वस्तूचा अंदाज बरा पण हिशेब खोटा. दुसऱ्यात हिशेब खरा पण वस्तूचा अंदाज ताठर. विद्यार्थ्याला हवे असते एकच बरोबर उत्तर, आणि ते येथे मिळत नाही.

स्टोन यांना हे ठाऊक होते. त्यांनी ते लपविले नाही. म्हणून तर एकेका जिनसेसाठी एक प्रतिमान आणि सहा गटांसाठी दुसरे. रेषीय पद्धतीत हीन वस्तूंना जागा नाही. उत्पन्न वाढले की सुटणारी वस्तू तिला कळत नाही. पूरक वस्तूही तिला कळत नाहीत. चहा महागला तर साखर कमी लागेल हे आपल्याला कळते, तिच्या लेखी चहा आणि साखर एकमेकांची जागाच घेऊ पाहतात. पण गट मोठे केले की हीन वस्तू आणि पूरक वस्तू गटाच्या पोटात जातात, आणि मग हा दोष तितका बोचत नाही. प्रतिमानाची निवड आणि प्रश्नाची निवड ही अशी एकमेकांत गुंतलेली असते. आमच्या पाठ्यपुस्तकात प्रतिमाने एका प्रकरणात आणि वर्गवारी दुसऱ्या प्रकरणात आहे, ही माझी तक्रार येथे नोंदवून ठेवतो.

१९५५ साली स्टोन यांनी विभागाचे संचालकपद सोडले आणि ते वित्त व लेखा या विषयाचे प्राध्यापक झाले. अर्थमितीच्या जागतिक संस्थेचे त्या वर्षीचे अध्यक्ष, आणि स्वतःच्या विद्यापीठात पद हिशेबाच्या प्राध्यापकाचे! पण ते त्यांना शोभले. पुढल्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या पत्नी फिओडोरा यांचे निधन झाले. त्यांच्याशी विवाह १९४१ साली झाला होता. १९६० साली जिओवाना साफी या त्यांच्या जीवनात आल्या आणि कामातही. राष्ट्रीय उत्पन्नावरचे त्यांचे विद्यार्थिप्रिय पुस्तक पुढे दोघांच्या नावाने निघू लागले. त्याच वर्षी अॅलन ब्राउन यांच्याबरोबर स्टोन यांनी केंब्रिज विकास प्रकल्प सुरू केला. संपूर्ण ब्रिटिश अर्थव्यवस्थेचे संगणकावरील प्रतिमान बनविण्याचे ते काम होते. त्यात ग्राहकांची मागणी काढायला रेषीय खर्च पद्धतीच घेतली. कारण येथे सगळ्या उद्योगांची बेरीज देशाच्या बेरजेशी जुळायला हवी होती. मात्र तिचा ताठरपणा कमी करण्यासाठी बांधील परिमाणे आणि प्रमाणे काळाबरोबर बदलू दिली. आपल्याकडेही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर आर. राधाकृष्ण आणि के. एन. मूर्ती यांनी ही पद्धती वापरून अभ्यास केले.

या पद्धतीवर सर्वांत वर्मी घाव बसला तो स्टोन यांच्याच अंगणातून. अँगस डीटन हा तरुण विकास प्रकल्पात काम करीत होता. १९७४ साली त्याने दाखविले की अशा प्रकारच्या प्रतिमानांत किंमत लवचिकता ही जवळजवळ उत्पन्न लवचिकतेच्या प्रमाणातच येते. मग आकडे काहीही सांगोत. म्हणजे आपण किंमतींचा परिणाम मोजला असे समजतो, प्रत्यक्षात तो आपण समीकरण निवडले तेव्हाच ठरवून टाकलेला असतो. केवढी ही मर्माची गोष्ट! तिकडे हॉलंडमध्ये थाइल आणि बार्टेन यांनी रॉटरडॅम प्रतिमान बांधले होते. १९८० साली डीटन आणि म्युलबावर यांनी नवी पद्धती मांडली; तिच्यात बेरीजही जुळते आणि वस्तूंना हीन किंवा पूरक होण्याची मोकळीकही असते. तिचे नाव त्यांनी जवळजवळ आदर्श मागणी पद्धती असे ठेवले. त्या जवळजवळ शब्दात मला स्टोन यांच्या घराण्याचा प्रामाणिकपणा दिसतो. तिलाही किंमत मोजावी लागते. गुणांक पुन्हा वाढतात आणि माहिती भरपूर लागते.

१९७८ साली स्टोन यांना सर ही पदवी मिळाली, १९८० साली ते निवृत्त झाले, १९८४ साली नोबेल. त्या वेळच्या व्याख्यानात ते आर्थिक हिशेबावर थांबले नाहीत. समाजातील माणसांचा आणि पर्यावरणाचाही जमाखर्च मांडायला हवा, असा त्यांचा आग्रह होता. शेवटची वर्षे त्यांनी जुन्या इंग्लंडमधील विल्यम पेटी, ग्रेगरी किंग अशा आकडेवेड्या माणसांचा अभ्यास करण्यात घालविली. ६ डिसेंबर १९९१ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. तो अभ्यास त्यांच्या मागे १९९७ साली ग्रंथरूपाने आला.

डीटन यांना २०१५ साली नोबेल मिळाले. त्यांनी आणि शंकर सुब्रमणियन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्या ग्रामीण महाराष्ट्रातील कुटुंबांवर आहे. माहिती १९८३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीची, साडेपाच हजारांहून अधिक घरांची. तेथे त्यांनी आधी कोणतेही सूत्र न धरता आकड्यांनाच वक्र काढू दिला आणि मग सूत्राचा विचार केला. उत्पन्नाबरोबर अन्नावरील खर्चाची लवचिकता सुमारे पाऊण निघाली. त्यातला साधारण अर्धा भाग जास्त उष्मांक मिळविण्याकडे जातो आणि अर्धा महाग उष्मांकांकडे, म्हणजे ज्वारी-बाजरीकडून इतर अन्नाकडे वळण्यात.

आमचा प्रकल्प आम्ही रेषीय पद्धतीने पुन्हा केला. या वेळी बेरीज पैशापर्यंत जुळली. फक्त ज्वारीपुढे उणे चिन्ह आले, आणि ते स्टोन यांच्या प्रतिमानाला चालत नाही. मग आम्ही ज्वारी, गहू आणि तांदूळ एकत्र करून धान्य असा एकच गट केला. चिन्ह सरळ झाले. प्रबंध परत आला आहे. सरांनी समासात लाल शाईने विचारले आहे की ज्वारी कोठे गेली.